कार्बनच्या शाईने छापलेली सर्किटं: काय असतात, कुठे चालतात, कुठे नाही

घरी साखर तपासायच्या पट्टीवर काळसर रेघा दिसतात. अनेक पट्ट्यांत त्या कार्बनच्या शाईने छापलेल्या असतात. रक्तातल्या ग्लुकोजची पट्टीवरच्या रसायनाशी क्रिया होते आणि त्यातून निघालेला बारीकसा वीजप्रवाह या रेघा यंत्रापर्यंत पोचवतात. छापील इलेक्ट्रॉनिक्स म्हणतात ते हेच.

शाई आणि छपाई
शाईत ग्राफाइट (पेन्सिलीतलं 'शिसं' ते हेच), काजळीसारखी कार्बन ब्लॅकची भुकटी, चिकटून राहायला राळ आणि पातळ करायला द्रावक असतं. लग्नपत्रिका छापणाऱ्यांकडे असते तशाच जाळीच्या चौकटीतून ती प्लास्टिकच्या फिल्मवर ओढतात आणि भट्टीत वाळवतात. नेहमीच्या सर्किट बोर्डात आधी तांब्याचा पूर्ण पत्रा चढवून नको तो भाग रसायनाने काढून टाकतात. इथे शाई लागेल तिथेच पडते, त्यामुळे माल वाया कमी जातो. शिवाय चांदीच्या शाईपेक्षा कार्बन बराच स्वस्त.

ग्राफीन आणि नॅनोट्यूब
ग्राफाइटचा एका अणूइतका पातळ थर म्हणजे ग्राफीन. एक मिलिमीटर ग्राफाइटमध्ये असे सुमारे ३० लाख थर बसतात. मँचेस्टर विद्यापीठात आंद्रे गाइम आणि कॉन्स्टंटिन नोव्होसेलोव्ह यांनी साध्या चिकटपट्टीने तो वेगळा केला, २००४ मध्ये. त्याबद्दल २०१० चं नोबेल मिळालं. ग्राफीनची गुंडाळी केल्यासारखी नळी म्हणजे नॅनोट्यूब. १९९१ मध्ये जपानच्या सुमिओ इजिमा यांच्या शोधनिबंधामुळे तिच्याकडे जगाचं लक्ष गेलं.

मर्यादा
ग्राफीनचा अखंड थर वीज उत्तम वाहतो. छापलेल्या रेघेत मात्र तुकडे एकमेकांवर नुसते टेकलेले असतात, म्हणून तिचा विरोध तांब्यापेक्षा कितीतरी जास्त. सेन्सर, हीटर, कीबोर्डच्या आतली फिल्म यांना ती चालते, पण मोबाइलच्या चिपची जागा घेऊ शकत नाही.

घेणाऱ्याने काय बघावं
२०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात ६० कंपन्यांचे 'ग्राफीन' नमुने तपासले गेले. बहुतेकांत खरं ग्राफीन १० टक्क्यांहूनही कमी निघालं, बाकी बहुतांश ग्राफाइटच. म्हणून डब्यावरच्या नावाला भुलू नये. थर किती, छापल्यावर विरोध किती, कितीदा वाकवून तपासलंय, हे लेखी मागावं. भारतात आयआयटी कानपूरमध्ये लवचीक इलेक्ट्रॉनिक्सचं राष्ट्रीय केंद्र याच विषयावर काम करतं.