जुन्या मोटारगाडीचे अस्सलपण : चॅसिस, इंजिन आणि कागदपत्रे

प्रस्तावना

'मिलिंदपञ्ह' या पाली ग्रंथात भिक्खू नागसेन मिलिंद राजाला त्याच्याच रथाविषयी प्रश्न विचारतो. आस म्हणजे रथ काय? चाके म्हणजे रथ काय? सांगाडा म्हणजे रथ काय? राजा प्रत्येक वेळी नाही म्हणतो आणि अखेर, या सर्वांच्या आधाराने 'रथ' ही संज्ञा केवळ व्यवहारात वापरली जाते, हे त्याला मान्य करावे लागते. जुन्या मोटारगाड्या बाळगणाऱ्यांपुढे विसाव्या शतकात हाच प्रश्न नव्याने उभा राहिला. फरक इतकाच की, येथे उत्तराला बाजारभाव असतो. गाडीचा कोणता भाग टिकला म्हणजे गाडी 'तीच' राहिली असे मानावयाचे, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

चॅसिसची प्रतिष्ठा

दुसऱ्या महायुद्धापूर्वी उंची मोटारीचा निर्माता बहुधा संपूर्ण गाडी विकत नसे. रोल्स-रॉइससारखी कंपनी इंजिनसह चॅसिस तयार करून देई. त्यावर बॉडी चढविण्याचे काम ग्राहकाच्या पसंतीचा स्वतंत्र कारागीर करी. हौस बदलली किंवा लाकडी सांगाडा कुजला की त्याच चॅसिसवर दुसरी बॉडी बसविली जाई व त्यात कोणाला काही वावगे वाटत नसे. त्यामुळे चॅसिसवर कोरलेला क्रमांक हीच गाडीची ओळख ठरली. मात्र १९२२ ची लान्सिया लॅम्ब्डा व १९३४ ची सिट्रोएन ट्रॅक्सियाँ अव्हाँ यांपासून बॉडी आणि चॅसिस एकजीव करण्याची पद्धत रुळू लागली. अशा गाडीत पत्र्याला लागलेला गंज हा थेट ओळखीलाच लागलेला गंज असतो.

अमेरिकेतील संग्राहकांचा कल इंजिनाकडे अधिक. १९६० च्या दशकातील शेव्हरोले कॉर्व्हेटसारख्या गाड्यांच्या बाबतीत चॅसिसवरील व इंजिनावरील क्रमांक परस्परांशी जुळणे हा किमतीचा निकष बनला. साहजिकच जुना क्रमांक घासून नवा ठोकण्याची कलाही विकसित झाली. निकष जितका सोपा, तितकी त्याची नक्कल सोपी, असे येथे दिसते.

'ओल्ड नंबर वन'चा खटला

या प्रश्नाचा सर्वांत सखोल ऊहापोह एखाद्या अभियंत्याने नव्हे, तर इंग्लंडमधील एका न्यायमूर्तींनी केला. बेंटले कंपनीची 'स्पीड सिक्स' ही गाडी १९२९ मध्ये वूल्फ बार्नाटो व टिम बर्किन यांनी, तर १९३० मध्ये बार्नाटो व ग्लेन किड्स्टन यांनी चालवून ल मान्स येथील २४ तासांची शर्यत जिंकली. तिला 'ओल्ड नंबर वन' हे नाव पडले. ती पुढेही शर्यतींत उतरत राहिली आणि तिचे भाग बदलत राहिले. १९३२ मध्ये तिच्यात आठ लिटर क्षमतेचे इंजिन बसविण्यात आले. त्याच वर्षीच्या सप्टेंबरमध्ये ब्रुकलँड्सच्या शर्यतमार्गावरून ती बाहेर फेकली गेली आणि चालक क्लाइव्ह डन्फी मृत्युमुखी पडला. त्यानंतर बार्नाटोने ती पुन्हा उभी करवून घेतली, पण आता ती रस्त्यावर फिरविण्याची बंद छताची कूपे होती.

१९९० मध्ये ही गाडी सुमारे एक कोटी पौंडांना विकण्याचा करार झाला. पुढे खरेदीदार कंपनीने, ही ती गाडीच नव्हे, असे म्हणून व्यवहार नाकारला. 'हबर्ड विरुद्ध मिडलब्रिज सिमिटर लिमिटेड' या नावाने हा खटला उच्च न्यायालयात चालला. १९२९ च्या गाडीचे त्या वाहनात जवळजवळ काहीच उरलेले नाही, असे पुराव्यात निष्पन्न झाले. केवळ धातू मोजावयाचा असता तर निकाल खरेदीदाराच्या बाजूने लागावयास हवा होता. परंतु न्यायमूर्ती ऑटन यांनी विक्रेत्याच्या बाजूने निर्णय दिला. गाडी 'मूळ' म्हणता येणार नाही, मात्र ती अस्सल आहे. तिचे भाग टप्प्याटप्प्याने बदलले, पण तिच्या अस्तित्वात खंड पडला नाही आणि त्या नावावर हक्क सांगू शकेल अशी दुसरी गाडी नाही, असा त्यांच्या विवेचनाचा आशय होता.

या निकालाचे महत्त्व गाडीच्या किमतीपुरते नाही. नष्ट झालेल्या गाडीचे सुटे भाग गोळा करून तिला पुन्हा उभे करणे आणि चालत्या गाडीचे भाग गरजेनुसार बदलत जाणे, यांतील भेद त्यामुळे ठळक झाला. पण सातत्य सिद्ध करावयाचे कशाने? धातूने ते होत नाही, ते होते कागदाने. दुरुस्तीची बिले, शर्यतींच्या नोंदी, जुनी छायाचित्रे, मालकी हस्तांतराचे दस्तऐवज यांची फाईल हाच अशा गाडीचा सर्वांत मौल्यवान भाग म्हणावा लागेल. अर्थात फाईल चालवून कोणी आनंद मिळवीत नाही, हेही खरे.

जतनाकडे कल

पुढील काळात गाडी नव्यासारखी चकचकीत करण्यापेक्षा आहे तशी राखण्याला मान मिळू लागला. जुन्या वाहनांच्या 'फिवा' या आंतरराष्ट्रीय महासंघाने २०१२ मध्ये स्वीकारलेल्या ट्युरिन सनदेचा रोख तोच आहे. कॅलिफोर्नियातील पेबल बीच येथील प्रदर्शनात २०२४ मध्ये १९३४ ची बुगाटी टाइप ५९ सर्वोत्कृष्ट ठरली. जतन-गटातील गाडीला हा मान प्रथमच मिळाला. बेल्जियमचा राजा तिसरा लिओपोल्ड याने लावून घेतलेला काळा रंग व पिवळा पट्टा त्या गाडीवर आहे. तो रंग कारखान्याचा नव्हे. तरीही तो खरवडून 'मूळ' रंग देणे आज अज्ञानाचे लक्षण मानले जाईल.

भारतीय संदर्भ

भारतात हा प्रश्न वेगळ्या वळणाने येतो. स्वातंत्र्यानंतर आयातीवर कडक निर्बंध होते. परदेशी गाडीचा सुटा भाग मिळणे दुरापास्त होते. संस्थानिकांच्या वा व्यापारी घराण्यांच्या गाड्या चालू राहिल्या त्या मिस्त्रींच्या हिकमतीवर. कोठे अँबॅसडरचे इंजिन, कोठे डिझेल इंजिन बसविले गेले, भाग मिळेना तेव्हा लेथवर घडविला गेला. इंजिन बदलले नसते तर यांपैकी कित्येक गाड्या भंगारात गेल्या असत्या.

केंद्र शासनाने जुलै २०२१ मध्ये केंद्रीय मोटार वाहन नियमांत दुरुस्ती करून पन्नास वर्षांहून जुन्या दुचाकी व चारचाकी वाहनांसाठी 'व्हिंटेज' नोंदणीची तरतूद केली. राज्याच्या संकेताक्षरांपुढे 'व्हीए' ही अक्षरे आणि नव्या नोंदणीस २०,००० रुपये शुल्क असे तिचे स्वरूप आहे. अट अशी की, वाहन मूळ स्वरूपात असावे. चॅसिस, बॉडी किंवा इंजिन यांत फेरबदल करणारी मोठी दुरुस्ती झालेली नसावी. वाहनवारशाला कायद्यात स्थान मिळाले हे स्वागतार्हच आहे. परंतु ही अट शब्दशः लावली तर 'ओल्ड नंबर वन'सुद्धा तिच्यात बसणार नाही, मग १९५० नंतर इंजिन बदलून तगलेली एखादी मुंबईची ब्युइक कोठून बसेल? इंजिन बदलल्याची नोंद नोंदणी प्रमाणपत्रात करावी लागते. ज्या मालकाने ती प्रामाणिकपणे केली, त्याच्या गाडीच्या अखंड अस्तित्वाचा पुरावा तेच प्रमाणपत्र देते, आणि ती मूळ स्वरूपात नसल्याचाही पुरावा तेच देते.