आयर्लंड : चर्चवरचा विश्वास कसा उडाला?

धर्माची पकड सैल झाली की आपण पटकन त्याचे श्रेय विज्ञानाला देऊन मोकळे होतो. शिक्षण वाढले, हातात पैसा आला, माणसे शहरात गेली आणि देव मागे पडला, असा तो सरळ हिशेब. समाजशास्त्राच्या वर्गात हाच हिशेब मोठमोठ्या शब्दांत शिकवला जातो. आपल्या चळवळीतल्या अनेकांनाही तो आवडतो. आवडण्याचे कारण उघड आहे : काळच आपले काम करणार असेल तर आपल्याला फारसे काही करावे लागत नाही.

आयर्लंड या हिशेबात बसत नाही. १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला तिथले दहापैकी नऊ कॅथलिक दर रविवारी मिस्सेला जात होते. वीज, रेल्वे, वर्तमानपत्रे तर होतीच. टीव्ही येऊन दहा वर्षे झाली होती आणि १९६७ पासून माध्यमिक शिक्षणही मोफत होते. सप्टेंबर १९७९ मध्ये पोप जॉन पॉल दुसरे डब्लिनला आले, तेव्हा फिनिक्स पार्कमध्ये दहा लाखांहून जास्त माणसे जमली. देशाची लोकसंख्याच तेव्हा पस्तीस लाखांच्या आत होती. त्याच मैदानावर ऑगस्ट २०१८ मध्ये पोप फ्रान्सिस आले आणि गर्दी दीड लाखाच्या आसपास राहिली. मधल्या एकोणचाळीस वर्षांत नेमके काय घडले?

त्यासाठी आधी हा विश्वास जमा कसा झाला ते पाहावे लागते. अठराव्या शतकात इंग्रजी सत्तेने आयर्लंडच्या कॅथलिकांवर जे कायदे लादले, त्यांनुसार त्यांना जमीन विकत घेता येत नव्हती, शाळा चालवता येत नव्हती, शतकाच्या मोठ्या काळात मतदानही करता येत नव्हते. लोक उघड्या माळावर, दगडाची वेदी करून मिस्सा करत. पार्लमेंटमध्ये बसण्याचा हक्क मिळायला १८२९ साल उजाडावे लागले. अशा काळात जो पाद्री गावाबरोबर राहिला, तो गावाचा माणूस झाला. १८४५ नंतरच्या बटाट्याच्या दुष्काळात सुमारे दहा लाख माणसे मेली, त्याहून जास्त देश सोडून गेली. उरलेल्या, हादरलेल्या समाजाला चर्चने बांधून घेतले.

आयरिश माणूस अनादिकाळापासून मिस्सेला जातो आहे असा समज होता. इतिहासकार इमेट लार्किन यांनी १९७२ साली दाखवून दिले की दर रविवारी झाडून सगळ्यांनी चर्चला जाणे ही मुख्यतः १८५० नंतरची गोष्ट आहे. ज्याला 'प्राचीन परंपरा' म्हणतात ती पुष्कळदा पणजोबाच्या वयाची असते, हे आपल्याला नवीन नाही.

१९२२ मध्ये स्वातंत्र्य आले आणि पीडितांच्या बाजूचे चर्च सत्तेच्या बाजूला जाऊन बसले. डी व्हॅलेरा यांच्या १९३७ च्या संविधानाने घटस्फोटावर बंदी घातली आणि कॅथलिक चर्चला 'विशेष स्थान' दिले. ते कलम १९७२ पर्यंत टिकले. गर्भनिरोधकांची विक्री १९३५ पासून बेकायदा होती. शाळा, दवाखाने, अनाथालये चर्चच्या हातात. समाजशास्त्रज्ञ टॉम इंग्लिस यांनी याला नैतिकतेची मक्तेदारी म्हटले आहे आणि तो शब्द अगदी चपखल आहे. १९५१ मध्ये आरोग्यमंत्री नोएल ब्राउन यांनी गरोदर स्त्रिया आणि सोळा वर्षांपर्यंतच्या मुलांसाठी मोफत उपचारांची योजना आणली. बिशप मंडळींनी विरोध केला, मंत्रिमंडळ मागे सरले आणि ब्राउन यांना राजीनामा द्यावा लागला. जाताना त्यांनी सगळा पत्रव्यवहार वर्तमानपत्राला दिला, म्हणून निदान हे जगाला कळले.

या मक्तेदारीची किंमत कोणी मोजली? गरिबांनी, आणि त्यातही स्त्रिया-मुलांनी. 'इंडस्ट्रियल स्कूल' नावाच्या कोंडवाड्यांत हजारो मुले न्यायालयाच्या आदेशाने पाठवली गेली. त्यांतल्या बहुतेकांचा गुन्हा एवढाच, की घरी दारिद्र्य होते. दर मुलामागे सरकार संस्थेला पैसे देई, म्हणजे मूल जितके जास्त दिवस आत, तितकी संस्थेची मिळकत जास्त. लग्नाआधी दिवस गेलेल्या मुली माता-बाल गृहांत जात. २०२१ च्या चौकशी अहवालाने अशी अठरा गृहे तपासली. तिथे सुमारे नऊ हजार मुले दगावली होती. आणि मॅग्डलेन लाँड्री! १९२२ नंतरच्या काळात दहा हजारांहून जास्त स्त्रिया त्यांत राबल्या, हॉटेलांचे आणि दवाखान्यांचे कपडे धूत, बिनपगारी. शेवटची लाँड्री बंद झाली १९९६ साली. त्या वर्षी तिथे लोक मोबाईल फोन वापरत होते.

बाप्तिस्मा होण्याआधी मेलेल्या बाळाला पवित्र दफनभूमीत जागा नसे. त्याला 'किलीन' म्हटल्या जाणाऱ्या वेगळ्या जागी, बांधाच्या कडेला, बहुधा रात्री पुरत. मेल्यावरही वेगळी जागा म्हणजे काय, हे ज्यांच्या गावाला दोन स्मशाने आहेत त्यांना समजावून सांगावे लागणार नाही.

हे सगळे कोणालाच माहीत नव्हते असे नाही. लाँड्रीला शहराच्या रस्त्यावर दार होते. बाप स्वतः मुलीला तिथे सोडून येई, पोलीस पळालेल्या मुलीला परत आणून देत. २०२१ च्या अहवालाने या स्त्रियांच्या वाट्याला आलेल्या कठोर वागणुकीची मुख्य जबाबदारी मुलांच्या बापांवर आणि स्त्रियांच्या कुटुंबांवर टाकली, तेव्हा त्या गृहांतून वाचलेल्या स्त्रिया संतापल्या. त्यांचा संताप रास्त आहे. बापाला अब्रूची एवढी भीती कोणी घातली? कुटुंब दोषी आहेच, पण अब्रूचा कायदा ज्याने लिहिला त्याला साक्षीदाराच्या रांगेत बसवता येत नाही.

मग उलगडा सुरू झाला. १९९२ मध्ये लोकप्रिय बिशप एमन केसी यांना एक मुलगा असल्याचे बाहेर आले आणि ते देश सोडून गेले. १९७९ मध्ये गॉलवेला पोपच्या सभेआधी तरुणांची गर्दी उत्साहाने तापवणाऱ्या दोघांपैकी ते एक. दुसरे फादर मायकल क्लिअरी; त्यांनाही मूल होते, हे त्यांच्या मृत्यूनंतर कळले. खरे तर यात लोकांना धक्का बसला तरी द्वेष वाटला नसता. पाद्रीही माणूसच. पण १९९४ मध्ये ब्रेंडन स्मिथ हे प्रकरण आले. या पाद्र्याने जवळजवळ चाळीस वर्षे लहान मुलांवर अत्याचार केले होते. त्याला उत्तर आयर्लंडच्या हवाली करण्यात झालेल्या दिरंगाईवरून सरकार कोसळले. पुढे २०१० मध्ये उघड झाले की १९७५ सालीच चर्चने त्याची अंतर्गत चौकशी केली होती आणि तक्रार करणाऱ्या मुलांकडूनच गुप्ततेची शपथ लिहून घेतली होती. त्या चौकशीत टिपणे घेणारे तरुण पाद्री शॉन ब्रेडी पुढे कार्डिनल झाले. स्मिथ आणखी कित्येक वर्षे मोकळाच होता.

२००९ साली दोन अहवाल आले. मे महिन्यातला रायन अहवाल इंडस्ट्रियल स्कूलबद्दल होता. त्यात अत्याचार करणाऱ्यांची नावे नाहीत, कारण ख्रिश्चन ब्रदर्स या संघाने कोर्टात जाऊन ती येऊ दिली नाहीत. नुकसानभरपाईत धर्मसंघांचा वाटा २००२ च्या करारात सुमारे १२.८ कोटी युरो ठरला होता; एकूण खर्च शंभर कोटींच्या पुढे गेला आणि तो करदात्यांनी भरला. नोव्हेंबरमधला मर्फी अहवाल डब्लिनच्या धर्मप्रांताबद्दल होता. त्यातली एक गोष्ट मला सगळ्या आकड्यांपेक्षा जास्त बोलकी वाटते. आर्चबिशप कॉनेल यांनी पत्रकारांना सांगितले होते की भरपाईसाठी धर्मप्रांताचा पैसा वापरला जात नाही. प्रत्यक्षात एका पाद्र्याला त्यासाठी आधीच कर्ज दिले गेले होते. विचारल्यावर खुलासा असा, की 'वापरला जात नाही' म्हटले होते, 'वापरला गेला नाही' म्हटले नव्हते. चर्चच्या शास्त्रात या युक्तीला नावही आहे : मनातल्या मनात राखून ठेवलेला अर्थ. म्हणजे खोटे न बोलता फसवायचे.

माझ्या मते आयर्लंडचा विश्वास इथे मेला. पाप सगळीकडे असते. पण जी संस्था आठवड्याला तुमच्याकडून पापाची कबुली घेते, तीच स्वतःच्या पापाचे व्याकरण करू लागली, तर तिच्यापुढे गुडघे कोण टेकणार?

यावर एक आक्षेप येतो आणि तो खोडून काढता येणार नाही. पाद्री व्हायला येणाऱ्यांची संख्या १९६० च्या दशकाच्या अखेरीपासूनच घटत होती. युरोपीय समुदायात प्रवेश, शहरी नोकऱ्या, कमावत्या स्त्रिया या सगळ्यांनी दार किलकिले केले होतेच. मान्य. पण त्या दाराने लोक हळूहळू गेले असते. १९८६ मध्ये घटस्फोटाचे सार्वमत मोठ्या फरकाने पडले होते. १९९५ मध्ये ते जेमतेम नऊ हजार मतांनी जिंकले. त्यानंतर वीस वर्षांनी, २०१५ मध्ये, समलिंगी विवाहाला ६२ टक्के मते मिळाली. हा वेग समृद्धीने आपोआप येत नाही.

आणि या वेगात आपल्याकडचे एक नाव आहे. बेळगावची दंतवैद्य सविता हलप्पनवार. ऑक्टोबर २०१२ मध्ये गॉलवेच्या रुग्णालयात तिचा सतरा आठवड्यांचा गर्भ वाचणार नाही हे स्पष्ट झाले होते. तिने गर्भपात मागितला. गर्भाचे ठोके चालू आहेत म्हणून नकार मिळाला. हा कॅथलिक देश आहे, असे तिला एका परिचारिकेने सांगितले, आणि चौकशीत ते मान्यही केले. जंतुसंसर्ग ओळखण्यात रुग्णालयाने हयगय केली हेही चौकशीत निघाले. २८ ऑक्टोबरला ती गेली. मे २०१८ च्या सार्वमतात ६६.४ टक्के लोकांनी संविधानातली गर्भपातबंदी काढून टाकली. त्या दिवसांत डब्लिनच्या एका भिंतीवर सविताचे चित्र होते आणि त्याभोवती लोकांनी चिकटवलेल्या शेकडो चिठ्ठ्या. सविता कॅथलिक नव्हती, हे त्या चिठ्ठ्या लिहिणाऱ्या कोणालाही महत्त्वाचे वाटले नाही.

बाबासाहेबांनी १९५० च्या आपल्या लेखात बुद्धाला मोक्षदाता न म्हणता मार्गदाता म्हटले. हा फरक केवळ तत्त्वज्ञानाचा नाही, तो संस्थेच्या रचनेचा आहे. मोक्षाची किल्ली एखाद्याच्या कमरेला आहे असे मानले, की त्याची झडती घेणे हे पाप ठरते. आयर्लंडमध्ये दोन पिढ्यांनी झडती घेतली नाही. आपल्या विहारांचे हिशेब, आपल्या संस्थांची वसतिगृहे, आपले भन्ते आणि आपले नेते यांच्या बाबतीत प्रश्न विचारणाऱ्याला 'समाजद्रोही' ठरवणारे मित्र मला भेटतात. त्यांनी मर्फी अहवाल वाचावा.

चर्च संपले म्हणून टाळ्या वाजवणाऱ्यांनीही थांबावे. २०११ मध्ये ८४ टक्के लोकांनी जनगणनेत स्वतःला कॅथलिक लिहिले, २०२२ मध्ये ६९ टक्क्यांनी. म्हणजे अजूनही बहुसंख्य. दहातल्या जवळजवळ नऊ प्राथमिक शाळा आजही चर्चच्या व्यवस्थापनाखाली आहेत. मिस्सेला न जाणारे आईबाप शाळेत प्रवेश मिळावा म्हणून बाळाचा बाप्तिस्मा करून घेत; ती अट काढायला २०१८ चा कायदा लागला. विश्वास उडाला तरी मालमत्ता जागच्या जागी राहते.

ट्युअम गावात बॉन सेकूर संघाच्या सिस्टर १९२५ ते १९६१ माता-बाल गृह चालवत होत्या. तिथल्या स्थानिक इतिहासाच्या अभ्यासक कॅथरीन कॉर्लेस यांनी स्वतःच्या पैशाने एकेक मृत्यूदाखला मिळवला. दाखले भरले ७९६. दफनाची नोंद जवळपास कुठेच नाही. २०१७ मध्ये सरकारी आयोगाने त्या आवारात जमिनीखालच्या कप्प्यांत बालकांचे अवशेष असल्याचे जाहीर केले. तिथे खोदकाम सुरू व्हायला जुलै २०२५ उजाडले. म्हातारी झालेली भावंडे आपला डीएनए देऊन वाट पाहत आहेत.