चीज नव्हतं तेव्हाचा पिझ्झा

आपाची मुलगी नऊ वर्षांची आहे. तिला दुधाची अॅलर्जी आहे. दूध पचत नाही म्हणून पोट बिघडणं वेगळं, हे ते नाही. दुधातलं प्रथिन पोटात गेलं की तिच्या अंगावर गांध्या उठतात, ओठ सुजतात. त्यामुळे आमच्या घरात शीरखुर्मा दोन पातेल्यांत होतो, एक तिचं नारळाच्या दुधातलं.

गेल्या वर्षी तिने पिझ्झ्याचा हट्ट धरला. शाळेतल्या सगळ्या मुलींनी खाल्लाय, आपणच राहिलो, हे दुःख. मी एका दुकानात चौकशी केली. काउंटरवरच्या मुलाने आवाज खाली आणून सांगितलं, "मॅडम, खरं सांगतो, आमचं चीज दुधाचं नाहीच. तेलाचं असतं." त्या मुलाच्या प्रामाणिकपणावर खूश होऊन मी पिझ्झा घरी आणला. अर्ध्या तासात आम्ही डॉक्टरांकडे होतो. इंजेक्शन दिल्यावर पोरगी सावरली, अल्लाहचे आभार. पण मी तेव्हापासून हा विषय वाचायला घेतला.

पहिली गोष्ट कळली ती अशी. बाजारात ज्याला 'अॅनालॉग' म्हणतात त्या नकली चीज-पनीरमध्ये दुधाचं काहीच नसतं, हा समज चुकीचा आहे. कायद्याच्या व्याख्येनुसार दुधाच्या घटकांची जागा दुसऱ्या पदार्थाने 'अंशतः किंवा पूर्णतः' घेतली की तो अॅनालॉग. म्हणजे दुधाची चरबी काढून पामतेल घातलं आणि प्रथिनं मात्र दुधाचीच ठेवली, तरी तो अॅनालॉगच. स्वस्त पडतं आणि ताणलंही जातं, कारण चीजची तार येते ती केसीन नावाच्या दुधाच्या प्रथिनामुळे. माझ्या भाचीला नेमकं तेच बाधतं. 'तेलाचं चीज' म्हणजे व्हीगन नव्हे. २०२२ पासून व्हीगन पदार्थांसाठी वेगळे नियम आणि वेगळं हिरवं चिन्ह आहे. ते पाकिटावर शोधावं, काउंटरवरच्या मुलावर विसंबू नये.

आपल्या जिल्ह्यात हा विषय गाजलेलाही आहे. २०२३ मध्ये नगरमधल्या एका मोठ्या बर्गर साखळीच्या दुकानावर, चीजसदृश पदार्थ वापरून चीजचं नाव लावल्याचा ठपका अन्न व औषध प्रशासनाने ठेवला होता. कंपनीने तो नाकारला, पण मेनूवरची काही नावं बदलली. मार्च २०२५ मध्ये श्रीगोंद्याचे आमदार विक्रम पाचपुते बनावट पनीर घेऊन थेट विधानसभेत गेले. आपला जिल्हा दुधाचा. २०१७ च्या शेतकरी संपाची सुरुवात पुणतांब्यातून झाली आणि रस्त्यावर दूध ओतलं गेलं, ते आपण पाहिलंय. ज्या जिल्ह्यात शेतकऱ्याला दुधाला भाव मिळत नाही म्हणून दूध ओतावं लागतं, तिथेच दुधाच्या नावाने पामतेल विकलं जातं. दूध न खाणाऱ्याचंही नुकसान आणि दूध काढणाऱ्याचंही.

मग मी उलट्या बाजूने विचार केला. चीजची नक्कल करायचीच कशाला? पिझ्झ्याला चीज लागतं, हे ठरवलं कुणी?

इतिहास उघडला तर उत्तर सोपं निघालं. 'पिझ्झा' हा शब्द इटलीतल्या गाएता गावच्या इ.स. ९९७ च्या एका दस्तऐवजात सापडतो. तेव्हा टोमॅटो युरोपात नव्हता, म्हणजे आज आपण ज्याला पिझ्झा म्हणतो तो हा नक्कीच नव्हे. भट्टीत भाजलेली चपटी भाकर, वर जे असेल ते. असल्या भाकरी भूमध्य समुद्राच्या सगळ्या काठांवर होत्या. शाम मुलुखात, म्हणजे सीरिया-लेबनॉनकडे, आजही सकाळी जैतूनच्या तेलात कालवलेला जातर पसरून भाकर भाजतात. तिला मनाकीश म्हणतात. तिच्यावर दुधाचा थेंब नसतो आणि कुणाला त्याची उणीव भासत नाही.

नेपल्समध्ये पिझ्झा गरिबाचं खाणं होता, रस्त्यावर उभ्याने खायचा. १८६६ च्या सुमारास त्या शहराच्या चालीरीतींवर निघालेल्या एका ग्रंथात पिझ्झ्याचं वर्णन आहे. सगळ्यात साधा म्हणून जो सांगितलाय त्यावर लसूण, तेल, मीठ आणि ओरेगॅनो. किसलेलं चीज आणि मोझरेलाचे काप यांचाही उल्लेख आहे, पण इतर प्रकारांत. २०१० मध्ये युरोपीय संघाने नेपल्सच्या पिझ्झ्याला पारंपरिक पदार्थ म्हणून संरक्षण दिलं तेव्हा दोनच प्रकार मान्य केले, मार्गेरिता आणि मारिनारा. मारिनारावर टोमॅटो, लसूण, ओरेगॅनो आणि तेल. बस. पिठात मैदा, पाणी, मीठ, खमीर. हा पिझ्झा व्हीगन 'केलेला' नाही, मुळातच तसा आहे.

मार्गेरिताची गोष्ट सगळ्यांना पाठ असते. १८८९ मध्ये राणी मार्गेरिता नेपल्सला आली, राफाएले एस्पोझितो नावाच्या पिझ्झेवाल्याने तिच्यासाठी लाल-पांढरा-हिरवा पिझ्झा केला, राणीच्या दरबारातून शाबासकीचं पत्र आलं. ते पत्र खरं की मागाहून केलेलं, याबद्दल काही इतिहासकारांना शंका आहे. मी वर्गात मुलांना सांगते, गोष्ट जितकी गोंडस तितका कागद नीट तपासा.

चीजचा थर जाड झाला तो अमेरिकेत. इटालियन मजूर तिकडे गेले, १९०५ च्या सुमारास न्यूयॉर्कमध्ये लोम्बार्डीचं दुकान निघालं. तिकडे दूध मुबलक, चीजचे कारखाने मोठे. आपल्याकडे १९९६ मध्ये दोन अमेरिकी साखळ्या दिल्ली आणि बंगळुरूत आल्या, त्या हाच पिझ्झा घेऊन. म्हणून आपल्या मुलांच्या मनात पिझ्झा म्हणजे तार.

आता भिंगारकडे येते. १४९० मध्ये मलिक अहमदने इथेच बहमनी फौजेचा पराभव केला आणि त्यातून निजामशाही उभी राहिली, हे भिंगारच्या पोरासोरांना माहीत असतं. पण एक गंमत बघा. कोलंबस निघाला १४९२ मध्ये. म्हणजे त्या लढाईच्या दिवशी भिंगारच्या एकाही चुलीवर मिरची नव्हती, टोमॅटो नव्हता, बटाटा नव्हता. शेंगदाणासुद्धा नव्हता! हे सगळं अमेरिकेतून, फिरंग्यांच्या जहाजांतून पुढे आलं. निजामशाहीचं बंदर चौल, आणि तिथे पोर्तुगीज येऊन बसलेच होते. टोमॅटो तर फार उशिरा रुळला. बंगालीत त्याला 'बिलाती बेगुन', विलायती वांगं, असं नाव पडलं. आपल्याकडे घाटावर जुन्या बायका अजून भेदरं म्हणतात.

निजामशाहीपासून आमच्या घरांत चालत आलेली गोष्ट म्हणजे खमिरी रोटी. मी पिझ्झा तिच्यावरच बेतला.

अर्धा किलो मैदा, तीनशे मिली पाणी, दोन लहान चमचे मीठ, अर्धा चमचा यीस्ट. दही, दूध, साखर काही नाही. मळून रात्रभर फ्रीजमध्ये. चव या झोपेतून येते, घाई करणाऱ्याला फक्त फुगलेला मैदा मिळतो. सकाळी बाहेर काढून चार गोळे करायचे, दोन तास झाकून ठेवायचे.

चीज जिभेला काय देतं? मीठ, स्निग्धपणा, थोडा आंबटपणा आणि ती रेंगाळणारी खमंग चव. चारही गोष्टी आपल्या स्वयंपाकघरात आहेत. खमंगपणासाठी एक किलो लालभडक टोमॅटो मंद आचेवर तिसरा हिस्सा उरेपर्यंत आटवायचे. बाजारचा गोड सॉस घातलात तर सगळी मेहनत वाया. दुसरा आधार बिरिस्ता, बिर्याणीसाठी तळतो तोच कांदा. लसूण पातळ चिरून शेंगदाण्याच्या तेलात सोनेरी करायचा आणि तेलासकट वर ओतायचा. ओरेगॅनो नसेल तर चिमूटभर ओवा चुरडून घाला, दोघांचा वास एकाच घराण्यातला.

स्निग्धपणासाठी मी काजू वापरून पाहिले. छान होतात, पण शिक्षकाच्या पगारात दर रविवारी काजू नाही. शेंगदाणे किंचित भाजून, सालं काढून चार तास भिजवायचे, त्यात दोन चमचे तीळ, लिंबाचा रस, मीठ, लसणाची पाकळी घालून गंधासारखं वाटायचं. थर द्यायचा नाही, चमच्याने ठिपके टाकायचे. तार येत नाही. येणारही नाही.

भट्टी नसेल तर लोखंडी तवा. रोटीची एक बाजू पाण्याने ओली करून तापल्या तव्यावर चिकटवायची, मग तवाच गॅसवर उलटा धरायचा, नान करतो तसा. वर काळे फोड आले की सुलटा करून टोमॅटो, बिरिस्ता, ठिपके, लसणीचं तेल, आणि झाकण ठेवून चार मिनिटं. नॉनस्टिकवर हे जमत नाही, रोटी सुटून शेगडीत पडते. माझी पडली आहे.

भाचीने पहिला तुकडा हातात घेतला, ओढून पाहिला. "खाला, ये खिचता कायकू नई?" मी तिला नेपल्सच्या रस्त्यावरचा फेरीवाला सांगायला सुरुवात केली, तोवर तिचा दुसरा तुकडा संपला होता. सोमवारी तिने डब्यात दोन तुकडे नेले. झाकणावर स्वतः चिठ्ठी चिकटवली, वर उर्दूत, खाली मराठीत: दूध नाही.