उन्हाळ्यात म्हैस गाभण का राहत नाही? 'मुका माज' म्हणजे काय?

शाहूपुरीतला चहाचा गाडा असो की गंगावेशीतला दूधकट्टा, कोल्हापूरकरांना म्हशीच्या दुधाचं भारी कौतुक. पण उन्हाळा आला की हेच दूध कमी पडतं. याला फक्त चाराटंचाई कारणीभूत नाही. म्हैस गाभण कधी राहिली, यावरही ते अवलंबून असतं. कसं, ते समजून घेऊया.

दहा महिने दहा दिवसांचं गणित

म्हशीचा गाभणकाळ साधारण ३१० दिवसांचा, तर गायीचा सुमारे २८० दिवसांचा. म्हशी जास्त करून ऑक्टोबर ते फेब्रुवारीत गाभण राहतात आणि ऑगस्ट ते डिसेंबरमध्ये वितात. त्यामुळे पावसाळ्याच्या शेवटी आणि थंडीत दूध भरपूर असतं. उन्हाळ्यात नव्याने विणाऱ्या म्हशी कमी आणि आधीच्यांचं दूधही आटत आलेलं.

थंडीच का मानवते?

दिवस लहान झाला की शरीरात मेलाटोनिन हे संप्रेरक जास्त वेळ तयार होतं आणि म्हशीचं प्रजननचक्र जोर धरतं. उन्हाळ्यात उलट होतं. काळी कातडी, विरळ केस आणि गायीपेक्षा कमी घामग्रंथी, त्यामुळे म्हशीचं अंग लवकर तापतं. ती वैरण कमी खाते, संप्रेरकांचा तोल बिघडतो. गर्भ राहिला तरी सुरुवातीच्या दिवसांत तो टिकेलच असं नाही.

मुका माज म्हणजे काय?

म्हैस साधारण दर २१ दिवसांनी माजावर येते. एरवी ती ओरडते, सारखी लघवी करते, काचेसारखा पारदर्शक सोट टाकते. उन्हाळ्यात ही लक्षणं इतकी सौम्य असतात की मालकाला कळतच नाहीत. त्यातही बऱ्याचदा ती रात्री किंवा पहाटे दिसतात. हाच मुका माज.

नुकसान किती?

एक माज हुकला की २१ दिवस गेले, दोन हुकले की ४२. वैरण, पेंड, मजुरी मात्र रोज चालूच. व्याल्यानंतर ९० दिवसांत म्हैस गाभण राहिली, तर दोन वेतांत ४०० दिवसांचं, म्हणजे सुमारे १३ महिन्यांचं अंतर पडतं. पुढचा प्रत्येक हुकलेला माज हे अंतर वाढवतो.

गोठ्यात काय करता येईल?

- पहाटे आणि रात्री उशिरा म्हशीवर नजर ठेवा, माजाची तारीख लिहून ठेवा.
- सकाळी माज दिसला तर संध्याकाळी, संध्याकाळी दिसला तर दुसऱ्या दिवशी सकाळी रेतन करा.
- दुपारी सावली, अंगावर पाणी किंवा डुंबायला जागा द्या. वैरण थंड वेळेला टाका.
- नुसत्या उसाच्या वाड्यावर म्हैस ठेवू नका. वाड्यातलं ऑक्झॅलेट कॅल्शियम बांधून ठेवतं. सोबत दुसरी वैरण आणि खनिज मिश्रण हवंच.
- विताना म्हैस खंगलेली नको आणि फार लठ्ठही नको.

'भाकड' ठरवण्याआधी

माज दिसत नाही म्हणून म्हैस बाजार दाखवायची घाई करू नका. ती कदाचित आधीच गाभण असेल, माज मुका असेल किंवा चक्रच थांबलं असेल. तिन्हींत बाहेरून फरक कळत नाही, पशुवैद्यकाच्या तपासणीत तो कळतो. तीनदा भरवूनही म्हैस उलटली, तरीही आधी तपासणीच करा.