बोलावलेले पुष्कळ

१९३८ ते १९४१ या काळात वॉकर इव्हान्स यांनी कोटाआड कॅमेरा दडवून न्यूयॉर्कच्या भुयारी रेल्वेतील प्रवाशांची कृष्णधवल छायाचित्रे टिपली. खांद्याला खांदा भिडलेला, तरी प्रत्येक चेहरा एकाकी. अनुमती कोणाचीच नव्हती. त्या आगळिकीची धार काळाने बोथट व्हावी, म्हणून ते थांबले; ग्रंथ १९६६ साली निघाला. 'मेनी आर कॉल्ड' हे त्याचे नाव संत मत्तयच्या शुभवर्तमानातील लग्नाच्या मेजवानीच्या दाखल्यातले. तेथे राजा रस्त्यावर भेटेल त्याला बोलावतो. समोर कोण बसावे, हे इव्हान्स यांच्याही हाती नव्हते. त्यांनी चोरून पाहिले खरे. पण थट्टा कोणाची केली नाही. ते अनामिक चेहरे निरखताना आम्हांस प्रश्न पडतो : शेजारच्या आसनावरील माणसाकडे आम्ही शेवटचे कधी पाहिले?