बावीस की साडेबावीस? जुन्या वहीतल्या उभ्या रेघा

कसबा पेठेतल्या तांबट आळीतून जाताना हातोड्यांचे ठोके अजूनही ऐकू येतात. तांब्याचा हिशेब वजनावर चालतो. पीएचडीच्या पहिल्या वर्षी ओळखीच्या एका काकांनी त्यांच्या घरची अशीच एक जुनी वही मला दाखवली. मी मूळचा भौतिकशास्त्राचा. म्हटलं, "आकडे तर बालबोधच आहेत, एक्सेलमध्ये टाकतो की!"

एका पानावर शेरांचे तीन आकडे होते: ७॥।, ५।, ९॥. खाली बेरीज २२॥. त्या उभ्या रेघा मला ओळ संपल्याच्या दंडासारख्या वाटल्या. म्हणून मी ७, ५, ९ घेतले. बेरीज २१, आणि वहीत २२! पुढच्या पानांवरही तेच. मी टिपण केलं, "लिहिणाऱ्याचं गणित कच्चं." काकांनी ते वाचलं आणि हसले. "अरे, हे पावणेआठ, सव्वापाच आणि साडेनऊ. साडेबावीस झाले ना?"

कच्चं गणित माझंच होतं.

एक उभी रेघ म्हणजे पाव, दोन म्हणजे अर्धा, तीन म्हणजे पाऊण. पावाच्या खालच्या भागांसाठी वेगळ्या, आडव्या-तिरक्या रेघा असत. त्यातली एक म्हणजे एक षोडशांश, म्हणजे रुपयातला एक आणा. अशा तीन रेघांपर्यंत लिहायचं, चौथी आली की पावाची उभी रेघ. म्हणजे फक्त सहा खुणांत १/१६ पासून १५/१६ पर्यंतचे सगळे भाग लिहिता येतात. पूर्णांक दहाच्या पटीत आणि अपूर्णांक चाराच्या पटीत, अशी ही व्यवस्था. २००९ साली या खुणांना युनिकोडमध्येही जागा मिळाली.

पण १६ च का? याचं उत्तर कागदावर शोधू नका, तराजूत शोधा. एक शेर धान्य दोन पारड्यांत सारखं करा, वजन न वापरता अर्धा शेर मिळाला. पुन्हा तसंच केलं की पावशेर, मग नवटाक, मग छटाक. चार वेळा अर्धं केलं की सोळा भाग. मापातही तेच: शेराची दोन मापटी, मापट्याची दोन चिपटी, चिपट्याची दोन कोळवी. दोरी दुमडली तरी अर्धं बरोबर होतं. पाच किंवा दहा सारखे भाग करायचे तर मात्र अंदाज घ्यावा लागतो, चुकलं की परत करावं लागतं.

शिवाय अर्धं केलेलं तपासता येतं. दोन्ही पारड्यांतला माल अदलाबदल करा. झुकाव मालाबरोबर गेला तर वाटणी चुकली; त्याच पारड्याकडे राहिला तर तराजू खोटा. प्रयोगशाळेत आपण उपकरणाची चूक आणि नमुन्यातला फरक वेगळा करतो, तेच हे.

आणखी एक सोय: अर्धा शेर, पावशेर, नवटाक आणि छटाक एवढी चारच वजनं असली, तरी १ ते १५ छटाकांपर्यंत काहीही तोलता येतं.

१ एप्रिल १९५७ ला रुपयाचे १०० नवे पैसे झाले. चार आण्यांचे २५, हे ठीक. पण एका आण्याचे होतात सव्वासहा! मग तक्त्यात एका आण्याला ६, दोनला १२, तीनला १९ नवे पैसे धरले. एक-एक आण्याच्या चार वस्तू वेगवेगळ्या घेतल्या की २४, एकदम घेतल्या की २५. दशमान पद्धत वाईट होती असं नाही. कागदावरच्या हिशेबाला दशमान सोपं, हाताने वाटायला अर्ध्याचं अर्धं सोपं. पावकी, निमकी, दिडकीचे पाढे गेले, तरी भाजीवाल्याकडे आपण अजून "पाव किलो"च मागतो, आणि तो २०० आणि ५० अशी दोन वजनं ठेवून तो पाव जमवतो.

संशोधनाला लागणाऱ्यांना माझं एकच सांगणं आहे. जुन्या कागदातली बेरीज जुळली नाही, तर लिहिणाऱ्याला चुकीचं ठरवण्याआधी आपलं वाचन तपासा. चूक सगळीकडे एकाच दिशेने येत असेल, तर ती बहुतेक आपल्याच पारड्यात असते. माझं ते टिपण मी फाडलेलं नाही. वहीच्या फोटोंसोबत जपून ठेवलंय.