तात्यांची ट्रंक

आमच्या डोळखांबच्या घरात माळ्यावर तात्यांची पत्र्याची ट्रंक आहे. तात्या जाऊन पुष्कळ वर्षं झाली, तरी तिला हात लावायची मला अजून भीती वाटते. तीत त्यांच्या रेकॉर्डी आहेत. तात्यांचा कायदा असा, की पोरानं पडून गुडघा फोडला तरी चालेल, रेकॉर्ड फुटता कामा नये. गुडघा भरून येतो, लाखेची तबकडी येत नाही!

यंदा दिवाळीला नातवानं ती ट्रंक खाली काढली. "आजोबा, यातली निवडक गाणी फोनमध्ये भरून एक संग्रह करू," म्हणाला. गावात वीज गेलेली होती. पण तात्यांच्या फोनोला त्याचं सोयरसुतक नव्हतं. चावी दिली, पिन बदलली आणि मिनिटाला ७८ फेरे घेत स्वारी सुरू झाली.

बऱ्याचशा रेकॉर्डी 'यंग इंडिया'च्या. ही मुंबईची देशी कंपनी १९३५ साली निघाली आणि वीसेक वर्षांत आटोपली. नामवंत गवई बहुतेक कुत्रेवाल्या एच.एम.व्ही.च्या दावणीला. तेव्हा यांनी नवख्या, हौशी गळ्यांनाही भोंग्याचं दार उघडलं. एका बाजूला तीनेक मिनिटं. त्यात काय ते गाऊन घ्या आणि घरी जा!

मोठ्यांचं नशीब निराळं. बालगंधर्व, हिराबाई बडोदेकर यांच्या जुन्या रेकॉर्डी पुढे एल.पी.वर चढल्या, तिथून कॅसेटीत उतरल्या. त्यांची योग्यता होतीच, पण त्यांच्या रेकॉर्डी सांभाळणारी कंपनीही जिवंत होती. 'निवडक' म्हणजे उत्तम, असं आपण समजतो. खरं तर ज्याची कंपनी टिकली, तो निवडला जातो. बुडालेल्या कंपनीच्या गाण्यांना माळा, ट्रंक आणि तात्यांसारखा एखादा खवीस, एवढाच आधार. नाही म्हणायला १९९० साली मुंबईत अशाच खविसांनी 'सोसायटी ऑफ इंडियन रेकॉर्ड कलेक्टर्स' काढली. तात्या असते तर सभासद झाले असते आणि पहिल्याच बैठकीत भांडले असते.

आमचा संग्रह झकास चालला होता. मग एक रेकॉर्ड निघाली, तिच्या मधला कागद कसरीनं खाल्लेला. 'यंग इं' एवढंच शिल्लक. गाणारी कोण, कळेना. आवाज कोवळा, जरा घाबरलेला. दुसऱ्या कडव्यात मात्र धीट झालेला.

"आजोबा, नाव काय लिहू?"

मला कलकत्त्याची गौहरजान आठवली. १९०२ साली तिनं गाणं संपताच इंग्रजीत आपलं नाव ठणकावून सांगितलं. रेकॉर्डी तेव्हा जर्मनीत छापल्या जात. तिथल्या कारागिरांना गाणारी कोण ते कळावं म्हणून ही युक्ती. पुढे ती पद्धत मागे पडली. कागदावर नाव असतंच की! कागद कसर खाते, हे कुणाच्या ध्यानात आलं नाही.

आमची ही स्वैपाकघरातून ऐकत होती. पुन्हा लावायला सांगितलं. तीन वेळा लावली. शेवटी म्हणाली, "नाव नसलं तर नसू दे. पहिलं गाणं हेच ठेवा."

नातवानं लिहिलं : 'गायिका – डोळखांबची ट्रंक.' तात्यांना चाललं असतं का कोण जाणे. पण रेकॉर्ड फुटली नाही, एवढं मी त्यांना नक्की सांगू शकेन.